अनुभव धागा: घरी डर्ट बाईक धुण्यासाठी प्रेशर वॉशर निवडताना आपण काय पाहिले?

पावसाळ्यात घाटवाटांवरून आणि शेतांच्या बांधांवरून फिरून आलेली डर्ट बाईक घरी कशी धुवावी, हा प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो. प्रेशर वॉशरच्या खोक्यांवर दाबाचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. परंतु आपल्या घरचे पाणी, आपल्या घरची वीज आणि आपल्या भागातली माती यांच्याशी त्या आकड्यांचा मेळ कसा बसतो, हे खोक्यावर कोणीच लिहीत नाही. ज्यांनी यंत्र घेऊन किमान एक पावसाळा वापरले आहे, त्यांनी ते कशाच्या आधारे निवडले हे सविस्तर लिहावे. विचार करून यंत्र न घेण्याचे ठरवलेल्यांचे अनुभवही हवे आहेत. चर्चा कृपया दुचाकीपुरतीच ठेवावी, कारण दुचाकीची चेन, बेअरिंग आणि वायरिंगचे जोड मोटारीपेक्षा कितीतरी अधिक उघडे असतात.

कोल्हापूर

माझा व्यवसाय पंपांच्या चाचणीचा आहे, त्यामुळे मी खोक्यावरील आकडे तपासण्याची एक सोपी रीत सांगतो. दाबाचा बारमधील आकडा आणि पाण्याचा मिनिटाला लिटरमधील आकडा यांचा गुणाकार करून त्याला 600 ने भागावे. जे उत्तर येते तितके किलोवॅट पाण्याला प्रत्यक्ष द्यावे लागतात. 110 बार आणि मिनिटाला 6 लिटर यांचे उत्तर 1.1 किलोवॅट येते. मोटर आणि पंप या दोन्हींत काही शक्ती उष्णतेत जाते हे धरूनही 1500 वॅटचे यंत्र एवढे काम करू शकते, म्हणून असे आकडे विश्वासार्ह मानावेत. याउलट 1700 वॅटच्या यंत्रावर 220 बार आणि मिनिटाला 8 लिटर असे दोन्ही आकडे छापलेले असतील, तर उत्तर 2.9 किलोवॅटच्या पुढे जाते. विजेकडून जेवढे घेतले त्याहून अधिक पाण्याला देणारे यंत्र असूच शकत नाही. असे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळणारे नसतात. दाब बहुधा क्षणिक कमाल असतो आणि प्रवाह कमी दाबावर मोजलेला असतो. म्हणून कमाल दाब न विचारता चालू कामातला दाब किती, असे विचारावे. आकडा पीएसआयमध्ये दिला असेल तर त्याला 14.5 ने भागले की बार मिळतात.

मी स्वतः 110 बारच्या आसपासचे यंत्र घेतले आणि उरलेले पैसे मोटरच्या प्रकारावर खर्च केले. स्वस्त यंत्रांत कार्बन ब्रशची मोटर असते; ती हलकी असते, पण मोठा आवाज करते आणि तिचे ब्रश झिजतात. इंडक्शन मोटरचे यंत्र जड असते, महाग असते, परंतु शांतपणे आणि दीर्घकाळ चालते. दाब चिखलाची पकड सोडवतो आणि प्रवाह तो चिखल वाहून नेतो. म्हणून समान वॅटच्या दोन यंत्रांत मी दुचाकीसाठी नेहमी जास्त प्रवाहाचे यंत्र निवडीन.

पुणे, सिंहगड रस्ता

आम्ही सोसायटीत राहतो आणि गाडी तळमजल्यावरील पार्किंगमध्ये धुतो, त्यामुळे माझी निवड विजेपासून सुरू झाली. 1500 वॅटचे यंत्र 230 व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर प्रवाह घेते, म्हणजे घरातल्या नेहमीच्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ते लावणे योग्य नाही; 16 अँपिअरचे सॉकेट हवे. मोबाईलच्या चार्जरसाठी आणलेला बारीक एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच वापरू नये. वायर वाढवावीच लागली तर तिची तार 2.5 चौरस मिलिमीटरची असावी आणि जोड पाण्यापासून उंचावर ठेवावा. माझ्या मते पाण्याची नळी लांब घेणे हा त्याहून कितीतरी चांगला उपाय आहे, म्हणून मी 10 मीटरची दाबाची नळी मिळणारे यंत्रच पाहिले आणि विजेची वायर होती तेवढीच ठेवली.

ओल्या फरशीवर, अनेकदा अनवाणी उभे राहून आपण हे काम करतो. अर्थिंग नीट आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि त्या सॉकेटच्या मागे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. एमसीबी (प्रवाह जादा झाला की पडणारा नेहमीचा स्विच) वायरचे रक्षण करतो, माणसाचे रक्षण आरसीसीबी करतो. यंत्राच्या किमतीत हा खर्च धरूनच तुलना करावी, असा माझा आग्रह आहे.

छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. गाडी धुण्यासाठी पाणी उधळणे घरात कोणालाही पटणारे नव्हते आणि मलाही ते योग्य वाटत नव्हते. मी यंत्र घेतले ते पाणी वाचवण्यासाठी, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. मिनिटाला 6 लिटरचे यंत्र प्रत्यक्ष ट्रिगर दाबलेला असतानाच पाणी घेते, त्यामुळे दहा मिनिटांच्या फवाऱ्याला 60 लिटर, म्हणजे तीन मोठ्या बादल्या लागतात. उघडी सोडलेली अर्ध्या इंचाची नळी तेवढ्या वेळात त्याच्या दुप्पट पाणी सहज घालवते.

आमची काळी माती मात्र वेगळ्या प्रकारे हाताळावी लागते. ती पाणी शोषून फुगते, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसते आणि वाळली की फवाऱ्यालाही दाद देत नाही. घरी आल्यावर मी प्रथम लाकडी पट्टीने मोठे थर काढतो, मग झारीने गाडी भिजवून दहा-पंधरा मिनिटे सावलीत ठेवतो आणि त्यानंतरच यंत्र सुरू करतो. ओली माती कमी दाबाला सुटते, म्हणून आमच्या भागात 100 बारच्या वरच्या यंत्रासाठी जास्त पैसे देण्याचे मला कारण दिसत नाही.

रत्नागिरी

आमच्याकडे पाण्याची टंचाई नसते, पण ते विहिरीचे असते आणि त्यात जांभ्याची बारीक तांबडी रेती येते. पंपाच्या आत दट्ट्यांची सीले असतात आणि ही रेती त्यांना झिजवते. यंत्राच्या तोंडाशी असलेली जाळी पुरेशी नसते, म्हणून वेगळी पारदर्शक गाळणी लावावी. ती भरलेली डोळ्यांना दिसते, हा तिचा मोठा फायदा.

यंत्र घेताना मी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की ते बादलीतून स्वतः पाणी ओढते का. सर्वच यंत्रे ओढत नाहीत. जी ओढतात तीही साधारण अर्धा मीटर उंचीपर्यंतच ओढतात, त्यामुळे थेट विहिरीतून पाणी घेण्याची कल्पना सोडून द्यावी. पिंप यंत्राच्या शेजारी किंवा त्याहून उंच ठेवावे. सुरुवातीला लान्स (गनच्या पुढे लागणारी लांब नळी) काढून ट्रिगर दाबून धरावा आणि नळीतली हवा निघून पाणी अखंड येऊ लागले की लान्स लावावा. गच्चीवरची टाकी तीन मीटर उंच असेल तर तिचा दाब 0.3 बारच असतो. तेवढा चालतो, पण नळी आखूड आणि रुंद हवी.

पावसाळ्यात आमचे व्होल्टेज खाली जाते. तशा वेळी इंडक्शन मोटर अडखळते आणि तापते, म्हणून व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर बसवून ते 200 च्या खाली असताना मी यंत्र चालवत नाही.

नाशिक

मी मोटोक्रॉसच्या शर्यतींत भाग घेते आणि सरावानंतर गाडी मीच धुते. माझ्या दृष्टीने यंत्राची निवड म्हणजे नोझलची आणि लान्सची निवड आहे. नोझलचे रंग बहुतेक ठिकाणी सारखे असतात: लाल म्हणजे धार पसरण्याचा कोन 0 अंश, पिवळे 15, हिरवे 25, पांढरे 40, आणि काळे साबणासाठी कमी दाबाचे. लाल नोझल डर्ट बाईकजवळ आणूच नये. ते स्टिकर उचकटते, रंग सोलते आणि टायरलाही इजा करते. माझे जवळजवळ सगळे काम पांढऱ्यावर होते आणि इंजिनखालच्या बॅश प्लेटसाठी (इंजिनचे रक्षण करणाऱ्या पत्र्यासाठी) हिरवे लागते. 30 सेंटिमीटर अंतरावर हिरव्या नोझलचा पट्टा सुमारे 13 सेंटिमीटर रुंद असतो आणि पांढऱ्याचा सुमारे 22; तेवढ्याच पाण्याचा जोर जास्त जागेत विभागला जातो. फिरत्या धारेचे जे नोझल काही यंत्रांबरोबर मिळते ते फरशीसाठी ठेवावे.

केटीएमच्या वाहन पुस्तिकेत नोझल आणि गाडीचा भाग यांच्यात किमान 60 सेंटिमीटर अंतर ठेवावे असे सांगितलेले आहे, आणि विजेचे भाग, जोड, केबल, बेअरिंग यांवर थेट धार मारू नये असेही म्हटले आहे. पट्टीने एकदा मोजून पाहावे. 60 सेंटिमीटर हे आपल्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघते. चाकांच्या आसांची टोके, स्विंगआर्मचा सांधा, मागच्या सस्पेन्शनची लिंकेज, हँडलखालचे बेअरिंग, फोर्कची सीले आणि ओ-रिंगची (सांध्यांत रबरी कडी बसवलेली) चेन या सर्वांत ग्रीस असते, जे धुऊन निघाले तर परत आपोआप जात नाही. रेडिएटरच्या पात्यांवर धार समोरूनच मारावी, तिरकी मारल्यास पाती वाकतात.

धुण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, सायलेन्सरच्या तोंडात रबरी बूच घालावे आणि एअर फिल्टरच्या जागी धुण्याचे झाकण लावावे. धुऊन झाल्यावर बूच काढायचे, इंजिन काही मिनिटे चालवायचे, ब्रेक हळूहळू दाबून पॅड कोरडे करायचे, चेन पुसून तिला वंगण द्यायचे. फोम लान्स (साबणाचा फेस फवारणारा जोड) मला फार उपयोगी वाटतो, परंतु त्याची जोडणी आपल्या गनला बसते का ते दुकानातच पाहावे. काही गनना स्क्रूचे तोंड असते, काहींना केवळ त्याच कंपनीचे खटक्याचे तोंड असते.

सातारा

वरील प्रतिसादावर एक विचारायचे आहे. आखूड गनचा उपयोग होतो का? लांब लान्स मडगार्डच्या आत वळत नाही.

नाशिक

होतो, आणि मी तीच वापरते. मात्र आखूड गनमुळे हात आपोआप गाडीच्या जवळ जातो, म्हणून तिच्यावर 40 अंशांचेच नोझल कायम लावून ठेवावे.

फोंडा, गोवा

मी विचार करून मोठे यंत्र घेतले नाही. माझी गाडी रोजच्या कामालाही वापरली जाते आणि महिन्यातून एखाद्या वेळी जंगलवाटेवर जाते. त्यासाठी मी बॅटरीवर चालणारी वॉशर गन घेतली, जिचा दाब साधारण 20 ते 25 बार असतो आणि जी बादलीतून पाणी ओढते. तांबडी माती ओली असतानाच धुतली तर एवढा दाब, मऊ ब्रश आणि गाडीचा शाम्पू पुरेसा होतो. वाळलेल्या मातीला ही गन पुरी पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. जे दर आठवड्याला चिखलात जातात त्यांनी वरच्या सल्ल्याप्रमाणेच यंत्र घ्यावे. बाकीच्यांनी आपली गरज आधी तपासावी, इतकेच माझे म्हणणे आहे.

पर्थ, ऑस्ट्रेलिया

येथे गाडी धुण्यामागे आणखी एक गंभीर कारण आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्म जीवामुळे झाडांची मुळे कुजतात आणि हा रोग टायरला चिकटलेल्या मातीतून एका भागातून दुसऱ्या भागात जातो. त्यामुळे जंगलात शिरण्यापूर्वी गाडी आणि बूट मातीविरहित असणे आवश्यक मानले जाते. ओल्या मातीत हा जीव अधिक सहज पसरतो, म्हणून जंगलाच्या कडेला आम्ही कोरड्या ब्रशने माती झाडतो आणि दाबाने धुणे घरीच करतो. यंत्र निवडताना मी टायरच्या गोट्यांमधली आणि बॅश प्लेटच्या वरची माती निघते का एवढेच पाहिले, आणि कोन दिलेला लान्स मिळाल्यावर साधे यंत्रही पुरेसे ठरले. सह्याद्रीत असा नियम नसला तरी एका डोंगरावरची माती दुसऱ्या डोंगरावर न नेण्याची सवय चांगली आहे, असे मला मनापासून वाटते.

नागपूर

सर्वांनी यंत्राच्या निवडीबद्दल लिहिले आहे. मी दुरुस्तीबद्दल लिहितो. मी पैसे देण्यापूर्वी दुकानदाराकडे ओ-रिंगचा संच, गन आणि कार्बन ब्रश सुटे मागितले, आणि जिथे ते काउंटरवर दाखवले गेले तिथूनच यंत्र घेतले. ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप बंद होते का, हेही पाहावे. जी यंत्रे बंद होत नाहीत त्यांत तेच पाणी पंपात फिरत राहते आणि तापते. अशा यंत्राला दोन मिनिटांहून अधिक काळ ट्रिगर सोडून उभे ठेवू नये. आणि आपोआप बंद होणारे यंत्र कोणी हात न लावता मधूनमधून क्षणभर सुरू होऊ लागले, तर कुठेतरी गळती आहे असे समजून आधी नळीच्या जोडांतले ओ-रिंग बदलावेत. बहुतेक वेळा पंप उघडण्याची गरज पडत नाही.