१९४३ च्या लीगबाहेरच्या तिघी

बायकांचं व्यावसायिक बेसबॉल म्हणजे १९४३ ते ५४ ची अमेरिकेतली फक्त मुलींची लीग, आणि संपलं, असं म्हटलं जातं. लीगचं मोल आहेच. आखूड स्कर्टमध्ये मातीत घसरून मांड्या सोलवटून घेत त्या मुली खेळल्या. पण त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती, हे त्यात येत नाही. मेमी जॉन्सन ही कृष्णवर्णीय खेळाडू निवड चाचणीला गेली, तर तिला चेंडूसुद्धा टाकू दिला नाही.

मग मेमीसारख्या तिघी कृष्णवर्णीय मुली पुरुषांच्याच संघात खेळल्या! १९५३ मध्ये निग्रो लीगमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधल्या, इंडियानापोलिस क्लाउन्स या संघानं टोनी स्टोनला सेकंड बेसवर, म्हणजे दुसऱ्या तळाजवळ क्षेत्ररक्षणाला घेतलं. आदल्याच वर्षी त्या संघातून हँक आरन, पुढे गाजलेला फलंदाज, गेला होता. तिला स्कर्ट घालायला सुचवलं गेलं, तिनं साफ नकार दिला. धावत येणारे गडी बुटाचे खिळे तिच्या अंगावर रोखून घसरायचे, त्याचे वण ती अभिमानानं दाखवायची. पुढे मेमी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून त्याच संघात आली, १९५४ मध्ये कॉनी मॉर्गनही. मला तरी या तिघींची नावं आधी घ्यावीशी वाटतात.