स्विस लीगमध्ये गुण सारखे झाले तर क्रम कसा लावायचा?

वाईकर_पट
पुढच्या महिन्यात 15 वर्षांखालील मुलामुलींची तालुका बुद्धिबळ स्पर्धा आहे, स्विस लीगची: कोणी बाद होत नाही, दर फेरीत शक्यतो सारख्या गुणांची मुलं एकमेकांशी खेळतात. 68 नावं आली आहेत. एका दिवसात सहा फेऱ्या, 15 मिनिटं अधिक प्रत्येक चालीला 5 सेकंद. बक्षिसं पहिल्या पाचांना. 5 गुणांवर चार-पाच मुलं अडकणार हे उघड आहे. त्यांच्यात दुसरा कोण आणि पाचवा कोण? आपसातला डाव आधी धरायचा की बुखोल्झ? पालकांना समजावता येईल असं सांगा.

उंट_तिरका
टायब्रेकच्या (गुण सारखे असताना क्रम लावायच्या निकषांच्या) आधी फेऱ्यांचं बघा. सहा फेऱ्यांत सगळे डाव जिंकणारा एकापेक्षा जास्त नसेल याची खात्री 64 खेळाडूंपर्यंत. 68 जण असतील तर दोघं 6 पैकी 6 गुण घेऊन, एकमेकांशी न खेळताच, वर बसू शकतात. पहिला क्रमांक टायब्रेकवर द्यावा लागणं फार वाईट. सात फेऱ्या घ्या. वेळ 10 अधिक 5 ठेवलीत तर 60 चालींचा डाव अर्ध्या तासात संपतो, म्हणजे सात फेऱ्यांना साडेतीन तास. आत्ताच्या बेतात सहा फेऱ्यांनाच चार तास जातात.

आता बुखोल्झ. ज्यांच्याशी खेळलात, त्या सगळ्यांच्या शेवटच्या गुणांची बेरीज. सहा फेऱ्यांचं उदाहरण घ्या, दोघांचे 5 गुण:

अ पहिलीच फेरी हरला, मग पाच जिंकला. प्रतिस्पर्ध्यांचे गुण: 3.5, 2, 2.5, 3, 3.5, 4. बेरीज 18.5.
ब ओळीने पाच जिंकला, शेवटी विजेत्याकडून हरला. प्रतिस्पर्धी: 2.5, 3, 3.5, 4, 4.5, 6. बेरीज 23.5.

पहिल्या फेरीत हरलेला मुलगा पुढे खालच्या गटातून वर येतो, त्याला सोपे प्रतिस्पर्धी मिळतात. बुखोल्झ नेमकं तेच मोजतं. पालकांना एवढंच सांगा: गुण सारखे, पण कोणाशी खेळून मिळवले ते बघितलं.

पंच_कोल्हापूर
वरचं बरोबर आहे. पण नुसत्या बुखोल्झवर थांबू नका, त्याच्या आधी ‘बुखोल्झ कट 1’ ठेवा, म्हणजे सर्वात कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी बेरजेतून वगळायचा. वरच्या उदाहरणात अ 16.5, ब 21. मुलांच्या स्पर्धेत याची फार गरज असते. दोन फेऱ्या हरलेलं मूल जेवणानंतर परत येत नाही, साध्या बेरजेत त्याचे गुण शून्यावर अडकतात आणि पहिल्या फेरीत त्याला हरवणाऱ्याची बेरीज बिनकारण घसरते.

माझा क्रम: आपसातला डाव, बुखोल्झ कट 1, बुखोल्झ, सोनेबॉर्न-बर्गर (हरवलेल्यांचे पूर्ण गुण आणि बरोबरी झालेल्यांचे निम्मे).

आपसातल्या डावाबद्दल सर्वात जास्त भांडणं होतात. ‘आमच्या मुलीने त्याला हरवलंय, तरी तो वर कसा?’ हा निकष साधारणपणे तेव्हाच लागतो, जेव्हा बरोबरीतले सगळे एकमेकांशी खेळलेले असतात. दोघंच असतील तर प्रश्न नाही. पाच जणांत एकच डाव झाला असेल तर सहसा तो निकष बाजूला पडतो आणि पुढचा लागतो. फळ्यावर हे वाक्य ठळक लिहा.

पुढे चाल (प्रतिस्पर्धी न आल्याने मिळालेला विजय), बाय (जोडी न लागल्याने न खेळलेली फेरी) आणि न खेळलेले डाव यांचा हिशेब कागदावर करू नका. त्याचे फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) नियम वेगळे आहेत आणि अलीकडे बदललेही आहेत. स्विस मॅनेजरसारख्या जोड्या लावणाऱ्या संगणक प्रणालीत गैरहजर मूल त्या फेरीच्या जोड्या लावण्यापूर्वी बाहेर काढा, नंतर नाही.

आणखी एक चूक नेहमी होते: मानांकन नसलेली मुलं नोंदणीच्या किंवा आडनावाच्या क्रमाने लावणं. पहिल्या फेरीत यादीतला 1 विरुद्ध 35, 2 विरुद्ध 36 अशा जोड्या पडतात. दोन तयारीची मुलं तिथेच भिडली तर हरणाऱ्याचं बुखोल्झ दिवसभर सावरत नाही. तालुक्यातली चांगली खेळणारी मुलं माहीत असतात, पंचांनी ती अंदाजाने वर लावावीत. तशी मुभा आहे.

वाईकर_पट
सात फेऱ्या, 10 अधिक 5 करतो. रोख रक्कमही टायब्रेकवरच द्यायची का? दुसरं 2000, तिसरं 1500, चौथं 1000 आहे.

उंट_तिरका
चषक क्रमाने द्या, रक्कम हॉर्ट पद्धतीने: निम्मी क्रमाप्रमाणे, निम्मी समान वाटून. या तीन जागांवर तिघं बरोबरीत असतील तर एकूण 4500, समान वाटा 1500. दुसऱ्याला 1000 + 750 = 1750, तिसऱ्याला 750 + 750 = 1500, चौथ्याला 500 + 750 = 1250. अर्ध्या गुणाच्या बुखोल्झवर एखाद्या मुलाचे हजार रुपये जाऊ नयेत.

पंच_कोल्हापूर
हॉर्ट लावणार असाल तर तेही टायब्रेकच्या क्रमासोबत प्रवेशपत्रकावरच छापा. पहिल्या फेरीनंतर यातलं काहीच बदलता येणार नाही. पहिल्या क्रमांकासाठी सगळे निकष सारखे आले, तर 3 अधिक 2 चा एक डाव. तोही बरोबरीत सुटला तर आर्मागेडन: पांढऱ्याला 5 मिनिटं, काळ्याला 4, आणि बरोबरी झाली तर काळा विजयी. रंगासाठी नाणं पंचांनी दोन्ही मुलांसमोर उडवायचं.