काँट्रॅक्ट की परमनंट? शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, मदत हवी आहे

रजिस्टर_३२
दोन ऑफर हातात आहेत. एक परमनंट, दुसरी काँट्रॅक्ट, त्यात पैसे १.६ पट. काम दोन्हीकडे एम्बेडेडचंच, म्हणजे उपकरणांच्या आतल्या चिपसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोघांनाही कळवायचं आहे. ‘मन काय म्हणतं ते ऐका’ छापाचे सल्ले नकोत, नेमकं सांगा. १.६ पट मिळत असेल तर काँट्रॅक्टच घ्यावं ना?

त्रैराशिक
१.६ पट कशाच्या? मूळ पगाराच्या, हातात येणाऱ्या रकमेच्या, की कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात. आणि दर महिन्याचा, दिवसाचा की तासाचा?

उंबरठा
शिवाय करार थेट क्लायंटशी की मध्ये एजन्सी? मुदत किती? मुदतीआधी संपवायचं तर नोटीस किती दिवसांची? यातलं काहीच धाग्यात नाही.

दर्यावर्दी
डोळे मिटून काँट्रॅक्ट घ्या. परमनंटची सुरक्षितता कागदावरच असते, खर्चकपात आली की अख्खी टीम एका दिवसात जाते. काँट्रॅक्टमध्ये प्रत्येक मुदतवाढीला नवा दर मागता येतो. परमनंटमध्ये वर्षातून एकदा वाढ, तीही वरिष्ठांच्या मर्जीवर.

उंबरठा
@दर्यावर्दी, टीम जाते हे खरं. पण परमनंट माणसाला काढताना नोटीसचा पगार द्यावा लागतो, बऱ्याच ठिकाणी नुकसानभरपाईही. काँट्रॅक्टवाल्याच्या हातात करारातली नोटीस तेवढी. म्हणूनच कपातीत पहिली कुऱ्हाड काँट्रॅक्टवर पडते: तिथे प्रक्रिया करावी लागत नाही, एक ईमेल पुरतो.

रजिस्टर_३२
दर तासाचा आहे. १.६ पट मूळ पगाराच्या. मध्ये एजन्सी आहे. मुदत ६ + ६ महिने. नोटीस बघावी लागेल. पण मुद्दा पैशांचाच आहे, बाकीचं नंतर बघता येईल.

त्रैराशिक
मग पैशांचाच हिशेब करू. वर्षात कामाचे दिवस साधारण २६१. परमनंटला या सगळ्या दिवसांचा पगार मिळतो, रजा आणि सुट्ट्या धरून. तासावर काम करणाऱ्याला तसं नाही. सार्वजनिक सुट्ट्या १०, स्वतःची रजा १५, आजारपण ५, दोन कामांमधलं रिकामपण २० दिवस धरा. उरले २११.

२११ × १.६ = ३३७.६. याला २६१ ने भागलं की १.२९. म्हणजे १.६ पट वाटणारा दर वर्षाअखेर १.२९ पट होतो. आता परमनंटच्या बाजूला बोनस, निवृत्तीची तरतूद, विमा, ग्रॅच्युइटीसारखे लाभ घाला. ते मूळ पगाराच्या २० टक्के धरले तर ती बाजू १.२०. फरक उरला जेमतेम ७-८ टक्के. त्यातून स्वतःचा आरोग्य विमा, हिशेबनिसाची फी आणि उपकरणं वजा करा.

रिकामपण २० ऐवजी ६० दिवसांचं झालं तर उरतात १७१ दिवस, म्हणजे १.०५ पट. तिथे काँट्रॅक्ट सरळ तोट्यात. तुमच्या ऑफर लेटरमधले लाभ २० टक्के आहेत की ३५, ते पाहून हाच हिशेब पुन्हा मांडा.

दर्यावर्दी
करार १२ महिन्यांचा आहे. पहिल्या वर्षी २० दिवस रिकामपण कुठून आणलं? ते काढा, १.४२ पट येतं.

त्रैराशिक
करार १२ महिन्यांचा नाही, ६ + ६ चा आहे. दुसरे ६ क्लायंटच्या मर्जीवर. पहिली मुदत संपायच्या ४५ दिवस आधी मुदतवाढीचं लेखी कळवण्याचं कलम नसेल, तर रिकामपण याच वर्षी येऊ शकतं.

ओहम
एम्बेडेडमध्ये तासाच्या दरात एक खास धोका आहे. बोर्डची (ज्या सर्किटवर सॉफ्टवेअर चालवून बघायचं त्याची) नवी आवृत्ती ३ आठवडे उशिरा आली की तुमच्याकडे काम नाही, म्हणून टाइमशीट रिकामी, म्हणून बिल शून्य. चूक तुमची नसते, तोटा तुमचा असतो. उपाय करारातच: आठवड्याला किमान ३२ तासांचं बिल, हार्डवेअर मिळो न मिळो. हे मिळत नसेल तर दर १.६ वर थांबवू नका.

डीबगर, लॉजिक अॅनलायझर (चुका शोधायची साधनं), कंपायलरचं (कोड चिपसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स कोण देणार तेही लिहून घ्या. ‘कंपनीची साधनं वापरता येतील’ एवढं पुरत नाही. घरून काम असेल तर बोर्ड पाठवण्याचा खर्च आणि वाटेत खराब झाल्यास जबाबदारी कुणाची, हे लिहायचं राहूनच जातं.

नवपल्लव
एम्बेडेड सोडून क्लाउडमध्ये जा. तिथे काँट्रॅक्टचे दर जास्त आणि पूर्ण काम घरून.

ओहम
@नवपल्लव, त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. क्षेत्र बदलायचा प्रश्न इथे कुणी विचारलेला नाही.

कलमनवीस
अवांतर, पण संबंध आहे. मायक्रोसॉफ्टवर १९९२ मध्ये दावा झाला होता: वर्षानुवर्षं तिथेच काम करणाऱ्यांना ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आणि ‘तात्पुरते’ म्हणून लाभांपासून दूर ठेवलं, असा. २००० मध्ये ९.७ कोटी डॉलरला तडजोड झाली. दावा चालू असतानाच तात्पुरत्या कामगारांना ठरावीक काळानंतर सक्तीचा खंड, म्हणजे काही काळ काम बंद, द्यायची पद्धत आली. खंडाचं कलम तुमच्या करारात आहे का, ते शोधा. एजन्सीच्या करारात ते बऱ्याचदा मागच्या पानांवर असतं.

दर्यावर्दी
याचा यांच्या प्रश्नाशी काय संबंध? ते ६ महिन्यांचं विचारताहेत.

कलमनवीस
६ + ६ नंतर खंड असेल तर त्रैराशिक यांचे २० दिवस १०० होऊ शकतात. हाच संबंध.

रजिस्टर_३२
नोटीस सापडली. क्लायंट १५ दिवसांत संपवू शकतो, मला मात्र ६० दिवस द्यावे लागतील. पेमेंट ‘क्लायंटकडून रक्कम मिळाल्यानंतर’. काँट्रॅक्ट ३ आठवड्यांनी सुरू होणार.

उंबरठा
पेमेंटची अट फार वाईट आहे. क्लायंटने पैसे थांबवले तर एजन्सी तुमचेही थांबवणार. ‘इन्व्हॉइसच्या तारखेपासून ३० दिवसांत, क्लायंटने दिले असोत वा नसोत’ असं बदलून घ्या. तरीही पहिली रक्कम हाती येईपर्यंत ६० दिवस जातात: महिनाभर काम, मग इन्व्हॉइस, मग ३० दिवस. किमान ३ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. नोटीस दोन्हीकडे सारखी, ३०-३० मागा. आणि मुख्य प्रश्न: सध्याच्या नोकरीत तुमची नोटीस किती?

रजिस्टर_३२
९० दिवस. पण रजा शिल्लक आहेत, जुळेल.

उंबरठा
३ आठवडे आणि ९० दिवस जुळत नाहीत. रजा नोटीसमध्ये वळती करायला बऱ्याच कंपन्या नकार देतात. सध्याच्या एचआरकडून सुटका-तारीख लेखी आल्याशिवाय एजन्सीला होकार देऊ नका. नाहीतर एकीकडे नोटीसची भरपाई, दुसरीकडे उशिराचा दंड.

ओहम
पैशांपलीकडचा एकच मुद्दा. काँट्रॅक्टवर तुम्हाला जे येतं त्यासाठीच बोलावतात. उत्पादन सर्टिफिकेशनला (मान्यतेच्या चाचण्यांना) जाण्याआधी बहुतेकदा तुमची मुदत संपते. फ्लॅश (उपकरणातली मेमरी) झिजल्यावर, वॉचडॉग (अडकलेलं उपकरण पुन्हा सुरू करणारा टायमर) चुकीच्या वेळी रीसेट देऊ लागल्यावर काय होतं, हे विकलेल्या उपकरणांतून वर्षा-दोन वर्षांनी कळतं, आणि ते शिकायला मिळतं तिथे थांबलेल्या माणसाला. अनुभव ४-५ वर्षांपेक्षा कमी असेल तर माझं मत परमनंटकडे. किती आहे तुमचा?

रजिस्टर_३२
७ वर्षं. एजन्सीला तीन गोष्टी लिहून पाठवल्या: ३२ तास किमान, ३० दिवसांत पेमेंट, नोटीस ३०-३०. सुटका-तारखेचा ईमेलही एचआरला गेला. परमनंटवाल्यांकडे सोमवारपर्यंत मुदत मागितली, त्यांनी दिली.

कलमनवीस
चौथी गोष्टही पाठवा: कोडचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच हस्तांतरित होतील, आणि तुमच्या आधीच्या लायब्रऱ्यांची (तुम्ही आधीच लिहून ठेवलेल्या कोडची) यादी कराराला जोडलेली असेल. नुकसानभरपाईची जबाबदारी मिळालेल्या एकूण फीपुरती मर्यादित. याला एजन्सी सहसा अडत नाही, क्लायंटचा वकील अडतो, म्हणून आजच पाठवा.