‘जोखीम घेणारा’ की ‘गेलेले काढणारा’?

प्रश्न (कोथरूड) : व्यसनमुक्तीच्या कामासाठी जुगाराविषयी माहितीपत्रक लिहीत आहे. जुगाराच्या आहारी गेलेल्या व्यक्तीला ‘धोका पत्करणारी’ म्हणावे की ‘जोखीम घेणारी’? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (सदाशिव पेठ) : ‘धोका’ नको, त्यात संकट आहे, लाभाची शक्यता नाही. ‘जोखीम’ विम्यापासून शेअर बाजारापर्यंत रूढ आहे, पण ‘जोखीम घेतली’ म्हटले की वाचक जोखून, तोलून केलेला निर्णय गृहीत धरतो, आणि नेमके तेच येथे घडत नाही. १९९४ साली आयोवातील संशोधकांनी पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळत, पण मधूनच असा दंड बसे की दहा पानांमागे २५० डॉलर पदरचे जात. उरलेल्या दोन गड्ड्यांत पानाला ५० डॉलरच मिळत, मात्र दंड वजा जाता दहा पानांमागे २५० डॉलर हाती राहत. मूळ प्रयोग मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांसाठी होता. निरोगी माणसे हळूहळू ५० च्या गड्ड्यांकडे वळतात. जुगाराचे व्यसन असलेले अनेक जण मात्र १०० च्या गड्ड्यांतूनच पाने उचलत राहतात, असे पुढील अभ्यासांत दिसले. याला जोखीम घेणे म्हणणे मला पटत नाही.

उत्तर (कॅम्प) : सहमत आहे. रेसकोर्सच्या परिसरात वाढल्यामुळे ‘कव्हर करायचे आहे’ आणि ‘गेलेले काढायचे आहेत’ हे शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो. मानसशास्त्रज्ञ कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले तेच त्यांत आहे : खात्रीचा तोटा सोसण्यापेक्षा, तो कदाचित टळेल या आशेने माणूस मोठा डाव लावतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निकषांतही, हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळायला येणे हे या विकाराचे एक लक्षण मानले आहे. आपण ‘गेलेले काढायला बसणे’ असेच लिहावे. ज्याच्यासाठी पत्रक आहे त्याला ते आपले वाटेल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. जिंकता जिंकता राहिलेल्या डावाला ‘थोडक्यात हुकला’ म्हटले तर चालेल का?

उत्तर (सदाशिव पेठ) : खेळणाऱ्याच्या तोंडी चालेल, आपल्या निवेदनात नको. ‘हुकणे’ म्हटले की नेम आला, आणि नेम सरावाने सुधारतो. लॉटरीत ४७ ऐवजी ४६ निघाला, तर तो ४७ च्या जवळचा नसतो. १२ निघाला असता तरी हार तेवढीच होती. तरीही अशा ‘हुकलेल्या’ डावाने जिंकल्यावर उद्दीपित होणारे मेंदूचे काही भाग उद्दीपित होतात, असे २००९ च्या केंब्रिजमधील अभ्यासात आढळले, आणि खेळत राहण्याची इच्छाही वाढते. म्हणून ‘आकडा लागला नाही’ एवढेच लिहावे.