तारण सर्वांसाठी, मग विश्वासाची अट का?

कळवेकर: रविवारी उपासनेत बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय १० वाचला. कर्नेल्य रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, यहुद्यांच्या लेखी परका. त्याच्या घरी जाणं येशूचा शिष्य पेत्र याच्या यहुदी धर्माला निषिद्ध. तरी पेत्र गेला, आणि त्याचं बोलणं संपायच्या आतच पवित्र आत्मा त्या घरावर उतरला. बाप्तिस्मा नंतर झाला. माझे आजोबा गावकुसाबाहेरचे, त्यांना हा अध्याय पाठ होता. जात नाही, शिक्षण नाही, येशूवर विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका. हे सगळ्यांना सांगितलं तर खटकावं का?

ऐरोलीची_नात: खटकतं ते "विश्वास ठेवला की". माझी आजी माळकरी. आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला तिच्या हातचे डिंकाचे लाडू जायचे. तिच्या तेराव्याला तुमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "वेळेत ऐकायला हवं होतं." आई उठून आत गेली. आजीला दार बंद असेल तर "सर्वांसाठी" म्हणू नका.

कळवेकर: त्यांच्या वतीने मी माफी मागतो. आजींचा न्याय करणारा मी कोण? पण विश्वास ही फी नव्हे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात तारण कृपेने आहे, देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घटकेला विश्वास ठेवणाऱ्या चोराकडे चांगलं करायला एक दिवसही उरला नव्हता. हिशेब कर्मांचा असता तर तो गेलाच होता.

तलावपाळी_कॅथलिक: आमच्या चर्चची भूमिका थोडी वेगळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या आमच्या बिशपांच्या सभेने, १९६४ साली स्पष्ट केलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आजींसाठी मी प्रार्थना करते.

ऐरोलीची_नात: प्रार्थनेबद्दल आभार. पण आजीला येशू माहीत होता. शेजारच्या बाईंनी तिला शुभवर्तमान, म्हणजे येशूची बायबलमधली कथा, वाचून दाखवलं होतं. तिने हात जोडले आणि म्हणाली, "चांगला आहे गं तुझा देव. माझा विठोबा मला पुरे." तिला अजाण ठरवून आत घेऊ नका.

कळवेकर: याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तारणासाठी येशूखेरीज दुसरं नाव नाही, असंच मी आजही मानतो आणि सांगत राहीन. पण कुणाच्या तेराव्याला जाऊन नाही. येत्या रविवारी मंडळीत उभा राहून एवढं नक्की बोलेन.