३०८ विंचेस्टर (रायफलचं काडतूस): पहिल्या ठोक्याला फुसका, दुसऱ्याला बार

मिशिगनकर:
बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल, घरी भरलेल्या ५० गोळ्या, म्हणजे काडतुसं. ६ पहिल्या ठोक्याला उडाल्या नाहीत. त्यातल्या ५ दुसऱ्या ठोक्याला उडाल्या, एक अजून तशीच आहे. केसेस (काडतुसाची पितळी नळकांडी) मिलिटरीच्या, एकदा वापरलेल्या. प्रायमर (केसच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टिकली) लार्ज रायफल आकाराचे, नवा डबा. लॉटच खराब आहे का?

ठोकापारखी:
डब्याला इतक्यात दोष देऊ नका. दुसऱ्या ठोक्याला बार होतो तेव्हा बहुतेक वेळा प्रायमर पुरता खाली बसलेला नसतो. अ‍ॅन्व्हिलचे (प्रायमरमधल्या छोट्या ऐरणीचे) पाय पॉकेटच्या (केसमधल्या प्रायमरच्या खाचेच्या) तळाला टेकले पाहिजेत. अधांतरी राहिले तर फायरिंग पिनचा पहिला ठोका प्रायमर खाली ढकलण्यातच वाया जातो, आणि दुसरा खरा लागतो.

मिलिटरी केसला पॉकेटच्या तोंडाशी क्रिम्प (प्रायमर धरून ठेवायला आत दाबलेली कड) असतो. तो रीमरने (खरवडून) किंवा स्वेजरने (दाबून) काढला होता का? अर्धवट राहिला तर प्रायमर मध्येच अडकतो आणि हाताला मात्र ‘बसला’ असं वाटतं. कॅलिपरच्या डेप्थ-दांडीने मोजा: प्रायमर केसच्या बुडापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत हवा. सपाटीला असला तरी मी तो संशयितच धरेन. वर आला असेल तर ती गोळी चेंबरमध्ये घालूच नका.

मिशिगनकर:
क्रिम्प रीमरने काढला होता, पण घाईत. उरलेल्या गोळ्यांचे प्रायमर प्रेसने अजून थोडे दाबले तर?

ठोकापारखी:
अजिबात नाही! भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा दाबायचा नसतो. पुलरने बुलेट (टोकाचा उडणारा भाग) काढा, दारू ओता. मग नुसती प्रायमरवाली केस रायफलमध्ये घालून सुरक्षित दिशेला उडवा. उडाल्यावर प्रायमर थोडा मागे सरकलेला दिसेल, ते साहजिक आहे.

पितळवेडा:
एक बाजू राहिली. न उडालेल्या गोळीच्या प्रायमरवरचा पिनचा खळगा उडालेल्या केसवरच्या खळग्याशी ताडून बघा. सगळेच उथळ असतील तर दोष रायफलचा: बोल्टमध्ये थंडीने घट्ट झालेलं ग्रीस किंवा थकलेली स्प्रिंग. मिशिगनच्या हिवाळ्यात तर आधी बोल्ट उघडून कोरडा करा.

साइझिंग डायही (वापरलेली केस पुन्हा मापात आणणारा साचा) तपासा. ३०८ ची केस शोल्डरवर (मानेखालच्या उतारावर) टेकते. शोल्डर फार मागे ढकलला असेल तर पिन आधी केसलाच पुढे सारते, आणि लक्षण अगदी हेच दिसतं. बोल्ट-अ‍ॅक्शनला शोल्डर ०.००१ ते ०.००२ इंच मागे ढकलला तरी पुरे. तेलाचा हात लागून प्रायमर मेला, हे लोक फार पटकन म्हणतात. ते मी सगळ्यात शेवटी तपासेन.

आणि फुसका निघाला की लगेच बोल्ट उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, उशिराचा बार होऊ शकतो.

वाईकर:
भारतातून वाचणाऱ्यांसाठी: इथे काडतूस बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. बंदुकीच्या परवान्यावर हे चालत नाही.

मिशिगनकर:
१० गोळ्या मोजल्या. ३ चे प्रायमर सपाटीला, एकाचा चक्क वर. सगळ्या उपसतोय.