भिंती धुऊन भागत नाही
दाबाच्या पाण्याने भिंती धुऊन वर एपॉक्सी रंग दिला की क्रोम प्लेटिंगची (धातूवर क्रोमियमचा मुलामा देण्याची) जुनी शेड वापरण्याजोगी होते, हे मत पटत नाही. प्लेटिंगच्या कामातून भिंतींवर बसलेले हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे घातक रूप) पाण्यात सहज विरघळत असल्याने धुण्याचे पाणीच त्याला विटांत खोलवर नेते आणि भिंत वाळताना ते ओलाव्यासोबत परत पृष्ठभागावर येते. बडोद्यातील अशाच एका बंद शेडमध्ये पावसाळ्यानंतर नव्या रंगाला फोड येऊन पिवळे डाग उमटलेले मी पाहिले आहेत.

आधी गिलावा काढून विटेच्या आतला नमुना तपासावा. फेरस सल्फेटच्या द्रावणाने क्रोमियम कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात आणता येते, मात्र फार मुरलेल्या विटा काढाव्याच लागतात. तो राडारोडा २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवा.